खालच्या पायरीवरची खूण

८ मे, गुरुवार

काय झालं, क्रमाने:

१. तीन वर्षांपूर्वी खाडीच्या बांधाच्या पहिल्या मोजणीसाठी मी आमच्या विहाराच्या पायरीवर लाल रंगाने उंचीची खूण काढली. शेजारी त्या जागेची उंची लिहिली, मीटरमध्ये: ५.२१०.

२. यंदा जयंतीच्या आधी विहाराच्या वरच्या पायरीला नवी लादी बसली. खूण लादीखाली गेली.

३. बाबांनी ती खालच्या पायरीवर परत काढली. नव्या लादीवर रंग बरा दिसला नसता म्हणून. आकडा तोच ठेवला.

४. २१ एप्रिलला आमच्या मोजणीच्या ऑफिसातल्या मानसीने त्या खुणेवरून बांधाच्या उंच्या दिल्या. काम सुरू झालं.

५. २३ एप्रिलला जेवताना बाबांनी हे मला सांगितलं. खुशीत होते. "तुझी खूण वाचवली बघ."

६. एका पायरीची उंची साधारण चौदा सेंटिमीटर. बांध तेवढा खाली भरला जातो आहे.

७. मी कोणाला काही बोलले नाही.

८. पंधरा दिवस झाले.

बाबा शाळेत शिकवायचे तेव्हा दोन मुलं भांडली की दोघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवून असं लिहायला लावायचे. आकडे घालून. 'मुद्दाम', 'नेहमीच' असले शब्द खोडायचे. का केलं ते लिहायचं नाही, समोरच्याने विचारलं तरच सांगायचं. आणि शेवटची ओळ: मला काय हवं आणि कधीपर्यंत. निम्मी भांडणं त्या शेवटच्या ओळीपाशी संपायची, कारण काय हवं तेच सांगता यायचं नाही.

मलाही शेवटची ओळ आली नाही.

९ मे, शुक्रवार

यापुढे मानसीला मा. लिहीन. पूर्ण नाव फार जागा घेतं.

ती ऑफिसात माझ्यानंतर दीड वर्षाने आली. पहिल्या आठवड्यात तिने लेव्हलचं मशीन भुसभुशीत मातीत उभं केलं होतं. बुडबुडा मी मध्यावर आणून दिला. ते ती अजून सगळ्यांना सांगते, "प्रज्ञाने शिकवलं मला." लोक मग तिच्याकडेच बघून हसतात.

मार्चमध्ये सर म्हणाले होते, "बांधाचं काम मानसी बघेल. तुझं गाव आहे. उद्या कोणाच्या शेताकडे बांध सरकला असं वाटलं तर लोक तुझ्या वडलांच्या दारात येतील." कारण बरोबर आहे. म्हणून जास्त लागलं. चुकीचं असतं तर वाद घालता आला असता.

मला मिळाली काशीदच्या बाजूची बंगल्यांची कुंपणं. रोज कोणाच्या तरी सुट्टीच्या घराचे चार कोपरे.

बांध आमच्या गावात म्हणून मा. दुपारी आमच्याकडे जेवते. आज घरी आले तर आई, "मानसीने आज सार दोनदा मागून घेतलं." मी म्हटलं, बरं. आई म्हणाली, "तुला विचारलं की म्हणतेस, ठीक आहे. ठीक आहे म्हणजे काय गं? मीठ कमी की जास्त?"

मीठ बरोबर होतं. तेच म्हणायचं होतं.

१० मे, शनिवार

अर्धा दिवस. बांधावर गेले. काही कारण नव्हतं.

मा. मशीनला डोळा लावून उभी, बाबा शेजारी तिच्यावर छत्री धरून. वय सदुसष्ट.

"गुरुजी, सावली माझ्यावर नको, मशीनवर धरा."

"मशीन तापलं तर तुझे सर दुसरं आणतील. तू तापलीस तर कुठून आणतील?"

पोकलेनवाला वरून हसला. सगळे हसले. मीही हसले असेन.

तीन वर्षांपूर्वी बाबा माझ्यासाठी छत्री घेऊन आले होते. मी म्हटलं होतं, बाबा, तुमची सावली हलते, रीडिंग घेता येत नाही. त्यांनी छत्री मिटली आणि घरी गेले. त्या दिवसाची मोजणी उत्तम झाली होती.

पोकलेनवाल्याने विचारलं, "ताई, अजून भरू का?" मा. म्हणाली, "बस, खुंटीच्या डोक्यापर्यंत." मी तिच्यापासून पाच पावलांवर होते. एक वाक्य पुरलं असतं.

परत येताना विहारात कोणी नव्हतं. टेपने पायरी मोजली, नव्या लादीची जाडी सोडून. १४ सेमी २ मिमी. रंग नीट लावलाय बाबांनी. आकडे शाळेच्या फळ्यावर काढावेत तसे. माझ्या अक्षरापेक्षा चांगले.

११ मे, रविवार

आमचे अठरा गुंठे त्याच बांधाआड आहेत. एकदा खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं भात होत नाही. हे मला कोणी सांगायला नको.

तरी गप्प.

स्वतःला सांगते ते असं: मला विचारलेलं नाही. माझं काम नाही. तपासणं तिचं काम. तिन्ही वाक्यं बरोबर आहेत.

मनात जे चाललंय ते वेगळं. जूनच्या उधाणात बांधावरून पाणी आत येतंय, मा. उभी आहे, तिला काय करायचं ते कळत नाही, आणि सगळे माझ्याकडे बघतात. त्यात आमचं शेत बुडतं. ते मी बघते आणि पुढे जाते, पुढच्या भागाकडे. जिथे बाबा म्हणतात, तुझ्याकडे हवं होतं काम.

हे लिहिलेलं कोणी वाचू नये.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

सुट्टी. विहारात वंदना, मग खीर. मा. पांढरी साडी नेसून आली. आईची. आईने नेसवली, निऱ्या काढून दिल्या. मी सलवार-कमीजमध्ये. मला कोणी साडी नेस म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

दुपारी बाराच्या पुढे भरती टिपेला, बरेच जण पाणी बघायला बांधावर. मीही. पलीकडच्या आळीतले धर्माकाका आधीच तिथे, काठी बांधाला टेकवून. त्यांच्या आज्यापासून या बांधाची माती टाकणारी माणसं. मा.ला म्हणाले:

"पोरी, पुनवेचे पान्याला बांद दीड हात वर पायजे. यो सव्वा हात पन न्हाय."

मा. म्हणाली, "काका, मोजून भरलाय."

"तुजी दुर्बीन मोजते. आमचे शेतान पानी येल तवा दुर्बीन बसल का चिखलान?"

मागून कोणीतरी, "त्यापेक्षा काकांची काठी बरी." हशा झाला.

मी मा.च्या तोंडाकडे बघत होते. लाल होईल, वही काढून दाखवेल, आवाज चढेल. मी तेच केलं असतं. ती खाली बसली, साडीसकट, पाण्याच्या कडेला. म्हणाली, "काका, ओरडा मागाहून. आधी दाखवा, कुठपर्यंत हवा होता?"

काकांनी हवेत काठी धरली. तिने शेजारी बांबू रोवला आणि काठीच्या उंचीला केसातला रबर बांधला. मग म्हणाली, "उद्या ऑफिसात बघते. चूक निघाली तर तुमच्याच काठीने मारा. नाही निघाली तर खीर तुमच्याकडची."

काका हसले नाहीत, पण काठी खाली घेतली. थोड्या वेळाने तिलाच विचारत होते, "तुमचेकडं वादलान सुपारी किती पडली?" ती दिवेआगरची. त्यांची वाडी सबंध आडवी झाली होती. ते ती अशी सांगते की ऐकणाऱ्याला आपलं काहीतरी सांगावंसं वाटतं.

घरी येऊन गणित केलं. हात पंचेचाळीस सेमी धरला तर दीड आणि सव्वा यात अकराचा फरक. 'सव्वा पण नाही' म्हणजे त्याहून थोडा जास्त. काकांकडे फक्त काठी आणि पौर्णिमा.

१३ मे, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी मा. माझ्या टेबलाशी आली. लेव्हल बुक उघडून समोर ठेवलं. "रात्री तीनदा बेरजा केल्या. खुणेवरून निघून परत खुणेवर आले तर फरक तीन मिलिमीटर. म्हणजे वही जुळते. मग काका का म्हणतात? खूण तुझी आहे. तुला काही शंका आहे का?"

सरळ विचारलं. आता 'मला विचारलेलं नाही' हे वाक्य गेलं.

मी पानं उलटली. बेरजा बरोबर होत्या. होणारच. जिथून निघालो तीच जागा चुकीची असेल तर तिथेच परत येऊन वही जुळते. हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

मी म्हटलं, "वही जुळते आहे."

वाक्य खरं आहे.

ती म्हणाली, "तू म्हणतेस तर बरोबरच असणार." वही मिटली आणि जाताना माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली.

१४ मे, बुधवार

कुंपण. चार कोपरे. मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही फार कमी बोलता, बरं वाटतं."

१५ मे, गुरुवार

ऑफिसातून काल संध्याकाळी मशीन घरी आणलं होतं. पहाटे साडेपाचला आईला उठवलं. "पाच मिनिटं पट्टी धरशील?"

"कसली पट्टी?"

"उंचीची. विहारात एकदा आणि रस्त्याच्या मोरीवर एकदा."

मोरीवर तीन वर्षांपूर्वी दुसरी खूण केली होती. छिन्नीने, दगडात. माझ्या जुन्या वहीत आहे. मा.ला मिळालेल्या यादीत ती नव्हती. यादी सरांनी केली होती. तरी मंगळवारी मला सांगता आली असती.

आई गाऊनवर टॉवेल घेऊन खालच्या पायरीवर पट्टी धरून उभी. सरळ धर म्हटलं तर म्हणाली, "तुझ्यासमोर सरळच उभं राहावं लागतं." मोरीपर्यंत दोनदा मशीन हलवलं. लिहिलेल्या आकड्याशी फरक १४२ मिमी. टेपने मोजला होता तोच.

आई चहा ठेवायला गेली. मग स्वयंपाकघरातूनच, "मानसी चुकली का?"

"नाही."

"मग कोण?"

वही शोधली, माझी, तीन वर्षांपूर्वीची. खुणेचं वर्णन काढलं. माझ्या अक्षरात: 'विहाराची पायरी, लाल खूण.' एवढंच. कितवी पायरी, वरून की खालून, काही नाही. दोनच तर पायऱ्या. 'वरची' हा एक शब्द लिहिला असता तर मा.ने त्याच दिवशी विचारलं असतं की खूण खाली कशी.

ती वही मी नव्या मुलींना नमुना म्हणून दाखवते.

१६ मे, शुक्रवार

बाबांना सांगितलं. सकाळी, ते दाढी करत असताना, म्हणजे माझ्याकडे बघणार नाहीत.

आधी पायरीचं. ब्रश थांबला. "म्हणजे मी हलवली."

"तुम्हाला कसं कळणार."

"कळायला हवं होतं. आकडा लिहिला मी हाताने. कशाचा आकडा ते नाही विचारलं." मग, "हे तुला कधीपासून माहीत?"

तारीख सांगितली. मंगळवारचंही सांगितलं. तिने विचारलं होतं ते.

त्यांनी अर्ध्या दाढीने तोंड पुसलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मी बोलले असते, छत्रीचं, साराचं, साडीचं, सगळं.

"रंग माझा," बाबा म्हणाले. "तेवढं मी आजच जाऊन मानसीला सांगतो, बांधाची दुरुस्ती थांबायला नको. गप्प बसणं तुझं. ते मी सांगणार नाही."

"बाबा, तुम्हाला ती आवडते." हे मी बोलले. सत्ताविसाव्या वर्षी.

"आवडते. माझ्याशी बोलते ती." ब्रश धुऊन ठेवत, "तुझ्याशी बोलायला मी वाट बघतो. तुला रीडिंग घ्यायचं असतं."

ते बांधाकडे निघाले, मी ऑफिसला.

रात्री आठला मा.चा फोन, दिवेआगरच्या एसटीतून. शनिवारची रजा घेऊन घरी निघाली होती. "अगं ऐकलंस का, खूण खालच्या पायरीवर! गुरुजी इतके कासावीस झाले होते, मलाच वाईट वाटलं. वेळेत कळलं, बरं झालं. सरांना मी सांगते. गुरुजींचं नाव घेणार नाही, माझ्याकडून तपासायचं राहिलं म्हणेन. तू टेन्शन घेऊ नकोस."

मी म्हटलं, "हं."

१७ मे, शनिवार

सव्वानऊला सरांचा फोन.

"मानसीने सगळं सांगितलं. तपासलं नाही म्हणाली. एवढ्या कामात एकच खूण धरून चालतात का? पोकलेन मंगळवारी जाणार होतं, गुरुवारपर्यंत थांबवलंय. सोमवारपासून बांध तू घे. गावाचं बघून घेऊ. तुझी वही कधी चुकत नाही."

हे वाक्य मला मार्चपासून हवं होतं. जसंच्या तसं. मी 'बरं सर' म्हटलं आणि फोन ठेवला.

आता कोणाला काहीच कळण्याची गरज नाही. बांध वाढेल. आमचे अठरा गुंठे आणि धर्माकाकांची शेतं सुखरूप. बाबा बोलणार नाहीत, बोलले तसं. आई परत विचारणार नाही. मा. मला दोष देणार नाही, कारण दोष आहे हेच तिला माहीत नाही. उलट उद्या मलाच विचारेल, मदतीला येऊ का.

आनंद व्हायला हवा होता. बसून पाहिलं, होतो का.

संध्याकाळी विहारात गेले. बाबांनी थिनरने खालची खूण पुसली आहे. डाग राहिलाय, गुलाबीसर. बाबा जवळ उभे होते, हातात चिंधी. म्हटलं, मी घासते. म्हणाले, "राहू दे. जाईल पावसात."

त्यांना विचारलं, तुमच्या त्या भांडणांच्या कागदांत शेवटची ओळ न आलेल्या मुलांचं काय करायचात?

"काही नाही. सुटायची घंटा झाली तरी बसवून ठेवायचो."

१८ मे, रविवार

सकाळी सरांना फोन करून सांगितलं: खूण हललेली मला २३ एप्रिलपासून माहीत होती आणि मानसीने विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. सर म्हणाले, "हे तुझ्याकडून?" आणि शेवटी, "बांधावर कोण, ते आता मानसी काय म्हणते त्यावर. मला मंगळवारी सकाळी माणसं हवीत."

मा. दिवेआगरला. फोनवर ती मला बोलूच देणार नाही, मधेच 'असू दे गं' म्हणेल आणि मी ते घेईन. म्हणून लिहिलं. तीनदा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'खरं तर' चार वेळा होतं. १०.४० ला पाठवलं. इथे उतरवून ठेवते.

मानसी,

१. विहारातली खूण हलल्याचं बाबांनी मला २३ एप्रिललाच सांगितलं होतं. बांध चौदा सेंटिमीटर खाली जातो आहे हे मला त्या दिवसापासून माहीत होतं.

२. १० मेला मी पायरी मोजली. तू बांधावर होतीस तेव्हा शेजारी उभी होते. बोलले नाही.

३. १३ मेला तू मला सरळ विचारलंस. मी 'वही जुळते आहे' म्हटलं. तुला खरं कळू नये म्हणून म्हटलं.

४. मोरीवर दुसरी खूण आहे. माझ्या वहीत होती. तुला दिली नाही. आकडा सोबत पाठवते आहे.

५. माझ्या जुन्या नोंदीत कितवी पायरी ते लिहिलेलं नाही. तुझ्या तपासण्यात जी चूक धरली गेली तिची सुरुवात तिथे आहे.

६. सरांना हे सगळं आज सकाळी सांगितलं. तू तुझ्या अंगावर घेतलेलं परत घे.

का केलं ते यात लिहिलं नाही. विचारलंस तर सांगेन.

मंगळवारी, २० तारखेला, सकाळी सातला मोरीच्या खुणेवरून सगळ्या उंच्या पुन्हा घ्यायच्या आहेत. दोन माणसं लागतील. मशीनवर तू राहा, पट्टी मी धरते. माझ्याबरोबर काम करायचं नसेल तर तसं सांग, सर दुसरं कोणी देतील. काय ते सोमवारी, १९ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत कळव.

प्रज्ञा